चारशेवर एक दशांश

१

शुक्रवारी तीनशे नव्व्याण्णव पूर्णांक आठ सीसी भरलेलं इंजिन रविवारी दुपारी चार वाजता चारशे पूर्णांक एक भरलं, आणि दोन्ही वेळा मोजणारी मीच होते.

इंजिन म्हणजे काही वाढत्या वयाचं पोर नव्हे, की दोन दिवस बघितलं नाही तर उंच झालेलं दिसावं. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा काटा तिथेच.

मी शर्यतींच्या ट्रॅकवर इंजिनं मोजते. तीस वर्षं झाली. प्रत्येक मोजणीआधी सीसी दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आणते आणि तोवर सगळ्यांना ताटकळत ठेवते, म्हणून लोक मला शून्यबाई म्हणतात. आमच्या ट्रॅकवर दुकानात मिळते तशीच मोटरसायकल पळवायची असते, आणि चारशेच्या वर्गात इंजिन चारशे सीसीच्या आत हवं. एक दशांशही वर चालत नाही. वर गेलं की निकाल रद्द, सिलिंडर जप्त आणि चालवणाऱ्यावर वर्षभराची बंदी.

त्या दिवशीची शर्यत मिस्त्रीच्या भाचीनं जिंकली होती. वीस वर्षांची जुनी, दोन सिलिंडरची गाडी घेऊन तिनं शोरूमवाल्याच्या कोऱ्या चार सिलिंडरच्या गाडीला शेवटच्या वळणावर मागे टाकलं. शोरूमवाल्यानं लगेच तक्रार नोंदवली. मग रीतीप्रमाणे इंजिन उघडलं. दोन भोकांचा तो ॲल्युमिनियमचा सिलिंडर मी पत्र्याच्या डब्यात ठेवला, शिशाचं सील मारलं, भाचीची सही घेतली आणि डबा मोजणीच्या खोलीत टेबलावर ठेवून कुलूप लावलं. तीन तास निवायला ठेवायचा असा नियम आहे. किल्ली माझ्या गळ्यात.

चार वाजता सील जसंच्या तसं होतं. खोली एवढी गारठली होती, की गेज जुळवायची पोलादी रिंग उचलताना बोटं कळवळली. काटा शून्यावर आणला. डबा उघडला, सिलिंडर तळहातावर घेऊन चारी बाजूंनी फिरवला, आतून पुसला. तेलाचा ओघळ मनगटापर्यंत आला, तो पदराला पुसला. मग गेज आत सोडला.

भाची समोरच उभी होती. आकडा ऐकून तिचा चेहरा उतरला.

"बाई, शुक्रवारी तुम्हीच मोजलं होतं ना?"

"हो."

"मग आता मामाला मी काय सांगू?"

तिचा मामा गेटबाहेर टेम्पोत बसला होता. दहा वर्षांत त्यानं गेटच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि त्याचं कारण मी होते.

२

मिस्त्रीचं आणि माझं ठरल्यासारखंच होतं. पत्रिका तेवढ्या छापायच्या राहिल्या होत्या.

तो सिलिंडर बोअर करायचा. इंजिन झिजलं की सिलिंडरचं भोक किंचित मोठं करून त्यात मोठा पिस्टन बसवावा लागतो. भोक मोठं झालं की सीसी वाढतात. नव्या गाडीला ही कटकट नाही. ती शोरूममधून तीनशे नव्व्याण्णव घेऊन येते, झिजली की मालक दुसरी घेतो. जुन्या गाडीला मात्र जगायचं तर बोअर करावंच लागतं, आणि एकदोनदा बोअर केलं की ती चारशेच्या उंबरठ्यावर येते.

"जुन्याला दोन सीसीची सूट द्या," मिस्त्री म्हणायचा. "वय झालेल्या माणसाला जिना चढताना कठडा धरू देतात, तसं समज."

"आज दोन दिले की उद्या चार मागशील."

"अगं, तू सीसी मोजतेस. ताकद कुठे मोजतेस? चार सिलिंडरचं इंजिन किंचाळत वर जातं, माझं दोनाचं तिथे पोचायच्या आधी धापा टाकतं. दोघांना एकच फूटपट्टी लावायची आणि त्याला न्याय म्हणायचं!"

"फूटपट्टी एकच असते, म्हणून तर तिला फूटपट्टी म्हणतात."

असं आम्ही तासन्‌तास भांडायचो आणि मग एकाच ताटलीतलं खायचो. ते भांडण मला अजून हवं आहे. गेल्या दहा वर्षांत माझ्याशी तसं कोणी भांडलेलं नाही. लोक घाबरतात किंवा मान डोलावतात.

त्या वर्षी त्यानं स्वतः बोअर केलेली गाडी पहिली आली. तेव्हा शर्यती संपल्यावर इंजिनं ओळीनं मोजायची पद्धत होती, आणि संध्याकाळपर्यंत काम चालायचं. सगळ्या ट्रॅकला आमचं माहीत. कोणी बोट दाखवू नये म्हणून मी रांग मोडली आणि सगळ्यांत आधी त्याचंच इंजिन घेतलं. चारशे पूर्णांक चार भरलं. मी त्याला बाद केलं.

वाटलं होतं, तो आकांडतांडव करील, पुन्हा मोज म्हणेल. त्यानं एवढंच विचारलं, "तू मोजलंस ना?"

"हो."

"मग बरोबरच असणार."

आणि तो निघून गेला. पुढे लग्न त्यानं केलं नाही, मीही केलं नाही. दर रविवारी माझी नजर आपोआप गेटकडे जाते. या हंगामात भाची पळवायला लागल्यापासून टेम्पो दिसतो, माणूस दिसत नाही.

आता त्याच मामाच्या भाचीला त्याच नियमानं घरी पाठवायची पाळी माझ्यावर आली होती.

३

निकाल कळवायला सेक्रेटरीच्या ऑफिसात गेले. हा सेक्रेटरी पूर्वी माझा मदतनीस होता. मी आकडा बोलायचे, तो लिहून घ्यायचा. तेव्हा मी त्याला अरे-तुरे करायचे, खुर्ची मिळाल्यापासून अहो-जाहो करते.

तो कोट घालून, कानटोपी ओढून, हात काखेत घेऊन बसला होता. विजेचा हीटर त्याच्याकडे पाठ करून फायलींच्या कपाटाकडे तोंड करून उभा होता. मी म्हटलं, "फायलींना थंडी वाजते वाटतं?"

तो हसला. "डोकं दुखतं त्या उबेनं. बोला बाई, किती?"

"चारशे पूर्णांक एक."

"अरेरे." त्यानं ड्रॉवरमधून नोटीस काढली. भाचीचं नाव, गाडीचा नंबर, बंदीची तारीख, सगळं टाईप केलेलं. आकड्याची जागा तेवढी कोरी होती. ती त्यानं पेनानं भरली.

"भारी तयारीत असता," मी म्हटलं.

"सहा वाजता हॉलमध्ये सगळे जमतायत. जुन्या गाड्या पुढच्या वर्षी या वर्गात ठेवायच्या की नाहीत, त्याचंही मत घ्यायचंय. आता हे असं झाल्यावर लोक काय म्हणतील ते दिसतंच आहे."

"मला सहापर्यंत वेळ द्या. शुक्रवारचं मोजमाप माझंच आहे. दोनातलं एक चुकलंय."

"सिलिंडर बदलला असेल तिनं. सोपं आहे."

तसं असतं तर खरंच सोपं होतं. पण शुक्रवारी मी सिलिंडरच्या कडेला तीन ठिपके ठोकले होते, आणि ते तिथेच होते. कुलूप शाबूत, सील शाबूत, सिलिंडर तोच. आणि तरी तो फुगला होता.

४

शोरूमवाला आपल्या गाडीशेजारी बसला होता. गाडी इतकी चकचकीत, की तिच्यात माझा त्रासलेला चेहरा दिसला.

"तुम्हाला आनंद झाला असेल," मी म्हटलं.

"कसला आनंद, बाई? माझी गाडी त्या पोरीच्या मागे आली हे चारशे लोकांनी पाहिलं. आता कागदावर पहिला आलो तरी गिऱ्हाईक हसणारच."

"मग तक्रार कशाला केलीत?"

"मी कुठे करत होतो? सेक्रेटरी म्हणाले, करून ठेवा, नियमात बसतं. सही केली." तो थोडा घुटमळला. "एक सांगू? दोन सिलिंडरवाल्यांना थोडी सूट द्यायला माझी हरकत नाही. हरायचंच तर नीट हरावं. पण मी विकतो चार सिलिंडरच्या, माझ्या तोंडून हे बाहेर जाऊ देऊ नका."

त्याचा जावई, म्हणजे दुसरा आलेला चालवणारा, गाडीमागे बूट काढत होता. मी जवळ गेल्यावर तो इतका दचकला, की चोर हाच असं वाटावं.

"तू मोजणीच्या खोलीकडे गेला होतास," मी अंदाजानं ठोकून दिलं.

"आत नाही गेलो, बाई! शपथ. खिडकीतून डोकावलो फक्त. ज्या इंजिनानं आपल्याला हरवलं ते बघावं म्हटलं. सासऱ्यांना सांगू नका, ते म्हणतात, परक्याच्या गाडीचं कौतुक घरात चालणार नाही."

"काय दिसलं?"

"काहीच नाही. डबा नव्हता तिथे."

"नीट आठव. किती वाजता?"

"दोन वाजले असतील. टेबल रिकामं होतं."

एक वाजता मी टेबलावर ठेवलेला डबा चार वाजता टेबलावरच होता. मधल्या वेळेत तो कुठेतरी जाऊन आला होता.

५

मी मोजणीच्या खोलीत परतले. सिलिंडर टेबलावर उघडाच पडला होता. उचलला आणि झटक्यात खाली ठेवला. बर्फासारखा गार.

मी तशीच उभी राहिले. चार वाजता हाच सिलिंडर मी तळहातावर घेऊन खुशाल फिरवला होता. रिंगेनं बोटं कळवळली, आणि सिलिंडरनं नाही? गरम धातू हाताला कळतो, गार धातू कळतो. अंगाइतकाच कोमट असेल, तर कळतच नाही. आणि ते तेल! आता आतल्या भिंतीला ते तुपासारखं थिजून बसलं होतं. चार वाजता माझ्या मनगटापर्यंत ओघळलं होतं.

काटा शून्यावर आणला आणि मोजलं. तीनशे नव्व्याण्णव पूर्णांक आठ.

ॲल्युमिनियम उबेनं पसरतं. फार नाही, केसाच्या काही अंशाइतकं. पण चारशेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या इंजिनाला तेवढा धक्का पुरतो. सील तोडायची गरजच नव्हती. डबा उचलायचा, हीटरसमोर ठेवायचा, तास-दीड तासानं परत आणायचा. खोलीची दुसरी किल्ली ऑफिसात खिळ्याला असते. आणि फायलींना थंडी वाजत नसते.

किल्ली कोणीही घेऊ शकला असता. पण मला खरा चटका बसला तो पुढच्या प्रश्नानं. पंधरा-वीस अंशांची ऊब पुरते, आणि ती या शून्यबाईच्या लक्षात येणार नाही, हे कोणाला माहीत असावं? जावयाला? त्याला पिस्टन वर जातो की खाली, तेही सांगता येणार नाही. हे त्यालाच माहीत, ज्यानं मला एकदा गरम सिलिंडर मोजताना पाहिलं होतं.

आणि मग मला रांग आठवली. बाकीची इंजिनं तासन्‌तास रांगेत पडून निवायची. मिस्त्रीचं मी ट्रॅकवरून आल्या आल्या घेतलं होतं. फडक्यात धरून. पुढच्या वर्षी तीन तासांचा नियम आला, त्या कागदावर मी सही केली, आणि तरी त्या दिवशीचा हिशेब कधी केला नाही. येत नव्हता असं नाही. करायची हिंमत नव्हती.

मी ऑफिसचं दार न वाजवता आत गेले.

"डबा हीटरपुढे किती वेळ ठेवला होतास?"

अहो-जाहो गळून पडलं होतं. त्यानं नोटीस हळूच उलटी ठेवली. मग म्हणाला, "बाई, नव्या गाड्या विकणारे आले नाहीत तर ह्या ट्रॅकवर शेवाळ उगवेल. जुन्या गाड्या जिंकायला लागल्या, तर ते कशाला येतील?"

"म्हणून एका पोरीचं वर्ष बुडवायचं?"

"तुम्ही नाही बुडवलंत?" त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "मी तेव्हा शेजारी उभा होतो. बोट पोळलं होतं माझं. म्हणालोसुद्धा, बाई, थोडा निवू द्यायचा का? तुम्ही खेकसलात, थांबले तर लोक म्हणतील आपल्या माणसाला वेळ दिला. पुन्हा तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. सांगा हॉलमध्ये, माझी ना नाही. पण ही युक्ती मी कोणाकडून शिकलो, तेही सांगावं लागेल."

बाहेर हॉलमध्ये खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. सहा वाजायला पाच मिनिटं होती.

६

मोजणीच्या खोलीत जप्तीचं कपाट आहे. जप्त केलेला माल आम्ही टाकत नाही, चिठ्ठी बांधून ठेवतो. सगळ्यांत खालच्या कप्प्यात मला हवं ते सापडलं. चिठ्ठीवर अक्षर सेक्रेटरीचं होतं, सही माझी.

हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. भाची शेवटच्या रांगेत हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. मी सगळ्यांसमोर आजचा सिलिंडर पुन्हा मोजला आणि शोरूमवाल्याला काटा वाचायला लावला.

"तीनशे नव्व्याण्णव पूर्णांक आठ," तो म्हणाला, आणि हसू दाबलं.

सेक्रेटरी उठला. "चार वाजता एक आणि सहा वाजता दुसरंच. मग बाईंच्या मोजमापावर विसंबायचं कसं? मी म्हणतो, चौकशी होईपर्यंत बंदी राहू द्यावी."

लोकांनी माना डोलावल्या. बोलणं खोटं नव्हतं. गप्प राहिले असते तर माझी दहा वर्षांपूर्वीची चूक झाकली गेली असती आणि पोरगी बुडाली असती.

"मोजमाप दोन्ही वेळा बरोबर आहे," मी म्हटलं. "चार वाजता सिलिंडर कोमट होता. दोन वाजता डबा टेबलावर नव्हता, हे पाहणारा माणूस इथे आहे."

जावई उभा राहिला. सासऱ्याकडे न बघता त्यानं सांगून टाकलं.

"डबा ऑफिसात, हीटरसमोर होता. बंदीची नोटीस मी मोजायच्या आधीच टाईप झाली होती. तक्रार करायचं कोणी सुचवलं, ते शोरूमवाले सांगतील."

शोरूमवाल्यानं मान हलवली आणि सेक्रेटरीकडे बोट केलं.

"एवढ्याशा उबेनं सीसी वाढतात?" सेक्रेटरीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "याला काही पुरावा?"

मी दुसरा सिलिंडर टेबलावर ठेवला.

"हा दहा वर्षांपूर्वीचा. मी ट्रॅकवरून आल्या आल्या गरम मोजला होता. चिठ्ठीवर आकडा आहे, चारशे पूर्णांक चार. तेव्हापासून तो कपाटात निवतोय."

काटा मी दोनदा शून्यावर आणला. तीस वर्षांत पहिल्यांदाच. लोक थांबले, कोणी कुरकुरलं नाही. मी मोजलं आणि शोरूमवाल्याला पुढे बोलावलं.

"तीनशे नव्व्याण्णव पूर्णांक सात," त्यानं वाचलं. त्याला हसू आलं नाही.

"मी एका माणसाला चुकून बाद केलं," मी म्हटलं. "पक्षपात नको म्हणून केलं, आणि तोच पक्षपात ठरला. सेक्रेटरी साक्षीला होते. त्यांना मी तेव्हा गप्प बसवलं आणि आज त्यांनी ते शिक्षण वापरलं."

सेक्रेटरी खाली बसला. नोटीस त्यानं स्वतःच फाडली. भाचीचा पहिला नंबर कायम झाला. जुन्या गाड्यांना काढायचा ठराव मताला आलाच नाही. उलट शोरूमवाला उठून म्हणाला, की जुन्यांना दोन सीसीची सूट द्यायचं पुढच्या सभेत बोलू या, आणि मग आपण काय बोलून बसलो म्हणून जावयाकडेच डोळे वटारून बघायला लागला. मी माझा गेज पेटीत घालून पेटी टेबलावर ठेवली. पुढच्या रविवारी ती कोणाच्या हातात द्यायची, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

७

जुना सिलिंडर घेऊन मी गेटबाहेर गेले. अंधारून आलं होतं. मिस्त्री टेम्पोच्या पायरीवर बसला होता. केस सगळे पांढरे झालेले. मी या भेटीची दहा वर्षं उजळणी केली होती, त्यातला एक शब्द आठवेना.

"पोरीचं काय झालं?" त्यानं विचारलं.

"जिंकली."

त्यानं डोळे मिटले. मग माझ्या हातातल्या वस्तूकडे पाहिलं आणि ओळखली.

"छान बोअर केलाय तिचा," मी उगीचच म्हटलं. "तुझा हात कळतो."

"माझा नाही. पोरीनं केला. मी नुसता लांबून सांगत होतो." तो गेटच्या दिव्याकडे बघत होता. "त्या दिवसानंतर मी बोअरिंगचं हत्यार हातात धरलं नाही. म्हटलं, इतकं जपून करूनही वर गेलं, म्हणजे हात गेला. तू काही चुकीचं मोजणार नाहीस."

मला वाटलं होतं, तो माझ्यावर रागावून गेला. दहा वर्षं मी त्या रागाची समजूत घालत होते. त्यानं मला दोषच दिला नव्हता. आपल्याच हाताला दिला होता.

मी सांगितलं. रांग, फडकं, घाई, सगळं. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. तो ऐकत राहिला. मी सिलिंडर त्याच्या मांडीवर ठेवला.

"ओरड तरी माझ्यावर," मी म्हटलं.

तो ओरडला नाही. त्यानं अंगठा सिलिंडरच्या आत घातला आणि भिंतीवरून सावकाश, पूर्ण गोल फिरवला.

"गार मोजल्यावर किती भरलं?"

"तीनशे नव्व्याण्णव पूर्णांक सात."

मग त्यानं आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला.

"सातच धरलं होतं गं मी. सातच."